काका, जरा मराठीत बोला ना!

बागलाणकर (धागाकर्ता)

गेल्या मार्चमधली गोष्ट. सटाणा तालुक्यात (म्हणजेच बागलाण) माझ्या मामाचं गाव. तीन एकर उन्हाळ कांदा काढून वावरात पडलेला, दोन दिवसांत चाळीत जाणार, आणि संध्याकाळी गारपीट. सकाळी एका वाहिनीची गाडी गावात आली. (नाव विचारू नका, सांगणार नाही. दुसरी आली असती तरी हेच झालं असतं.) मी पुण्याहून रात्रीच पोचलो होतो, त्यामुळे सगळं समोर पाहिलं.

पत्रकार पोरगा चांगला होता. बूट काढून चिखलात उतरला. माइक मामापुढे धरला आणि मामा आपल्या अहिराणीत सुरू झाला, "बठ्ठं गयं भाऊ. चाळमा भरानं व्हतं, तव्हढामा गारा पड्या. कांदा वावरमाज सडी गया." मग बियाणं किती रुपये पायलीनं घेतलं, रोप दोनदा कसं टाकावं लागलं, मजूर कुठून आणले, सोसायटीचं किती आणि सावकाराचं किती, मागच्या साली पंचनामा झाला त्यात तलाठ्याने बांधावरून किती गुंठे लिहिले, सगळं. चार मिनिटं तरी बोलला असेल. मामा एरवी इतका बोलत नाही.

पोराने कॅमेरावाल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, जरा मराठीत बोला ना. प्रेक्षकांना कळलं पाहिजे."

मामा म्हणाला, "मंग मी काय बोली ऱ्हायनू?" (मग मी काय बोलतोय?)

सगळे हसले. मामाही हसला. मग दुसरा टेक. मामा ताठ उभा राहिला, टोपी नीट केली आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "आमचं फार नुकसान झालेलं आहे. शासनाने नुकसानभरपाई द्यावी, ही विनंती." संपलं. रात्री बातमीत हेच बारा सेकंद, खाली पट्टी "बळीराजाच्या डोळ्यांत अश्रू". मामाच्या डोळ्यांत अश्रू बिश्रू काही नव्हते, तो चिडलेला होता.

मला तेव्हापासून एक गोष्ट छळतेय. अहिराणीचा अपमान झाला वगैरे मला म्हणायचं नाही, मामालाही तसं वाटलं नाही. पण पहिल्या टेकमध्ये बातमी होती. सावकाराचा आकडा होता, तलाठ्याचा बांध होता. दुसऱ्या टेकमध्ये नुसता अर्ज उरला. भाषा बदलायला लावली आणि माहितीच गळून गेली. तुमच्याकडे असं होतं का?

---

वऱ्हाडी_ठसका

होते म्हणजे काय! तुमचं किमान अर्जावर तरी भागलं. आमचा माणूस टीव्हीवर आला की लोक आधीच हसायला बसलेले असतात. मालिकेत वॉचमन, चोर नाहीतर मंद नोकर असला की त्याच्या तोंडी वऱ्हाडी. डॉक्टर, वकील, नायिकेचा बाप वऱ्हाडी बोलताना पाह्यला का कधी? त्यामुळे बातमीत कोणी "मले काहीच भेटलं नाई" म्हणाला की ते दुःख न वाटता स्किट वाटते. कान तसे तयार करून ठेवले आहेत.

---

उगाच_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. हिंदी कधी येतेय धाग्यात?

---

शब्दखूळ

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. पत्रकाराची बाजूही बघा. त्याची बातमी सावंतवाडीत, लातुरात, गोंदियात दिसणार. अहिराणी 'वावरमाज' लातूरच्या माणसाला कळेल, पण 'ऱ्हायनू', 'तव्हढामा' एका दमात आलं तर नाही. प्रमाणभाषा ही सोय आहे. ती नसती तर एका राज्याचं एक वर्तमानपत्र निघालंच नसतं.

आणि ही सोय आभाळातून पडलेली नाही, माध्यमांनीच घडवली. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत, शेजारी शेजारी. त्याआधी वर्षभर, १८३१ मध्ये, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आलेला. छापायचं तर कुठलं तरी एक रूप ठरवावं लागतं. ते पुण्यामुंबईच्या शिकलेल्या लोकांचं ठरलं, कारण छापखाने आणि शाळाखातं त्यांच्या हातात होतं. अन्याय म्हणा हवं तर, पण त्याच रूपात पुढे सगळ्यांनी लिहिलं. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' (साप्ताहिक) नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक वर्षं निघत होता, तो काही पुणेकरांची खुशामत करायला नव्हे.

---

बागलाणकर

@शब्दखूळ, प्रमाणभाषेला माझा विरोध नाही, हा धागाही त्याच भाषेत लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की सोय पत्रकाराने करायची की मामाने? 'दर्पण'ने दोन स्तंभ लावले म्हणता ना, मग वाहिनीला खाली एक ओळ लावता येत नाही? कोरियन मालिका लोक खाली वाचत वाचत बघतात. मामाच्या खाली मराठी ओळी टाका आणि त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या.

---

शब्दखूळ

हे मात्र बरोबर. मागे घेतो. (अर्धंच.)

---

मोजपट्टी

आकडे आवडणाऱ्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती कच्ची १९,५६९ होती. छाननी करून त्यातल्या १,३६९ मातृभाषा ठरल्या, त्या पुन्हा गटांत बसवून दहा हजारांवर बोलणारे असलेल्या १२१ भाषा. त्यातल्या २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत. म्हणजे एकोणीस हजारांचे बावीस होईपर्यंत बरंच काही चाळणीतून खाली पडतं, आणि सरकारी जाहिरात, बातमीपत्र, परीक्षा ही सगळी सरबराई मुख्यतः चाळणीवर राहिलेल्यांची.

धागाकर्त्यासाठी गंमत: जनगणनेच्या तक्त्यात अहिराणी मराठीखाली नाहीच. 'खानदेशी' नावाची वेगळी भाषा आहे, सुमारे १८ लाख ६० हजारांची, आणि अहिराणी तिच्यात मोडते. म्हणजे तुमच्या मामाला "मराठीत बोला" म्हणणारा पोरगा सरकारी हिशेबाने चुकला नव्हता! उलट मालवणी कोकणीखाली. आणि यवतमाळ-वाशीमकडच्या तांड्यांवरची बंजारा-लमाणी कुठे? हिंदीखाली. सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्यावर एकदा जाऊन या आणि किती हिंदी ऐकू येते ते सांगा.

आणखी एक जोडी लावून बघा. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. आकाशवाणीवर संस्कृत बातम्या १९७४ पासून. भिली-भिलोडी बोलणारे १ कोटी ४ लाख. दिल्लीहून भिलीत बातमीपत्र ऐकल्याचं कुणाला आठवतं का? संस्कृतचं बंद करा असं म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका.

---

उगाच_एक

संस्कृत आली, हिंदी नुसती डोकावून गेली. पॉपकॉर्न संपत आले.

---

जुना_रेडिओ

मी बरीच वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून काम केलं. आमच्या भाषेत 'कॅज्युअल'. महिन्यातून मोजक्या ड्यूट्या, पहाटेची असली तर चार वाजता घर सोडायचं. म्हणून थोडं आतलं सांगतो.

दिल्लीच्या जनरल न्यूजरूममधून मजकूर इंग्रजीत यायचा, त्याला आम्ही 'पूल' म्हणायचो. दहा मिनिटांचं बातमीपत्र, हातात तास-सव्वा तास. त्या घाईत "करण्यात आले आहे", "यांच्या हस्ते", "या पार्श्वभूमीवर" असे तयार ठोकळे बोटांवर बसतात. लोक म्हणतात रेडिओची मराठी शुद्ध. मी म्हणतो, वाणी शुद्ध होती, वाक्यं पुष्कळदा इंग्रजीची होती. एकदा पावसाच्या बातमीत मी "जनजीवन विस्कळीत झाले" असं वाचलं. घरी आलो तर आई म्हणाली, म्हणजे नेमकं काय झालं रे? तिला एसटी बंद आहे की नाही एवढंच हवं होतं. त्यानंतर तो शब्दप्रयोग मी शक्यतो टाळला, पण संपादकांच्या लाल पेनातून तो परत यायचाच.

तरीही प्रादेशिक बातम्यांची ताकद होती, कारण त्या जिल्ह्यांतून यायच्या. अर्धवेळ वार्ताहर फोनवर बातमी सांगायचे. निवेदिका सुधा नरवण्यांचा आवाज लागला की पुण्याकडच्या घरांत घड्याळ लावायचे लोक. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं, तेव्हा ओरड झाली आणि तो निर्णय थांबवावा लागला. बरं झालं. पण तेव्हाची सगळी चर्चा "पुण्याचं पुण्यातच राहू द्या" इतकीच होती. संभाजीनगर असो की पुणे, बागलाणातून बातमी कोण देणार आणि कोणत्या भाषेत, हे कुणी विचारलं नाही.

@मोजपट्टी, स्थानिक केंद्रांवर आदिवासी भाषांतले कार्यक्रम होतात, हे नोंदवून ठेवा. गाणी, शेतीच्या सूचना, आरोग्य. पण बातम्या वेगळ्या. गाण्याला बोली चालते, बातमीला चालत नाही. हा फरक कुणी लिहून ठेवलेला नाही, सगळे पाळतात.

---

मोजपट्टी

लिहूनही ठेवलाय की! खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणात सूट मिळाली ती आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची. त्याखेरीज वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज बंदच्या सूचना, प्रशासनाने कळवलेली आपत्तीची माहिती, हे 'बातमी' धरत नाहीत म्हणून चालतं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो, त्यांनाही साधारण हेच कुंपण.

म्हणजे सटाण्यात कुणी अहिराणी रेडिओ काढला तर "उद्या गारा पडणार" हे सांगता येईल. "पंचनाम्यात गुंठे कमी लिहिले" हे सांगता येणार नाही.

---

बागलाणकर

हे वाक्य मामाला वाचून दाखवणार आहे.

---

साधा_माणूस

म्हसवडचा माणदेशी तरंग ऐकलाय का कुणी? सामुदायिक रेडिओ आहे. निवेदिका गावातल्याच बाया, माणदेशी बोलीत बोलतात. माझी सासुरवाडी तिकडची. सासूबाई दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर "ह्यो कोण बोलतोय चिमटीत धरून" म्हणतात, इथे मात्र निवेदिकेशी परस्पर गप्पा मारतात, जणू ओट्यावर बसलीय.

---

माड_आणि_मासळी

गोव्याहून. आमचा प्रकार तुमच्या उलटा आहे. घरात कोंकणी, मासळी बाजारात कोंकणी, भांडण कोंकणीतून, आणि सकाळी चहाबरोबर हातात मराठी पेपर. माझे बाबा राजभाषा आंदोलनात कोंकणीच्या बाजूने रस्त्यावर होते, आणि रोज 'गोमन्तक' वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही.

१९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामकाजात स्थान. त्याच वर्षी 'सुनापरान्त' हे देवनागरी कोंकणी दैनिक निघालं. २०१५ ला बंद पडलं. १९९२ ला कोंकणी अनुसूचीत गेली, पाठ्यपुस्तकं आली, पुरस्कार आले, तरी दैनिक तगलं नाही. एक कारण उघड आहे: वाचायची सवय मराठीत लागलेली, आणि ख्रिस्ती वाचक रोमी (रोमन) लिपीतला. त्यांचं 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक १९३३ पासून चालू आहे, रोमी लिपीत. कायद्याने रोमीला जागा दिली नाही, वाचकांनी दिली.

तेव्हा अनुसूचीत नाव लागलं की माध्यमं उभी राहतात असं मानू नका. अहिराणीला मान्यता मिळाली तरी पेपर घ्यायला मामाच्या खिशातून पैसे निघावे लागतील. आमचे बाबा कोंकणीसाठी लाठी खायला तयार होते, वर्गणी मात्र मराठी पेपरची भरत.

---

शब्दखूळ

प्रामाणिक प्रतिसाद. शेवटची ओळ बोचरी आहे.

---

राष्ट्रहित_सर्वोपरि

एवढ्या भाषा सांभाळत बसण्यापेक्षा सगळ्यांनी हिंदी स्वीकारली असती तर हा प्रश्नच आला नसता.

---

उगाच_एक

आली!!! इतके प्रतिसाद थांबावं लागलं.

---

वऱ्हाडी_ठसका

@राष्ट्रहित, कोणती हिंदी? २०११ च्या त्याच तक्त्यात हिंदीच्या पोटात पाच कोटी भोजपुरीवाले आहेत, राजस्थानी आहेत, छत्तीसगढी आहेत. त्यांच्याही मामांना कोणीतरी "चाचा, हिंदी में बोलिए" म्हणतच असेल. पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये आला, जूनमध्ये सुधारित आला आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेतले, त्यावर या संस्थळावर चार धागे पेटून विझले आहेत. तिकडे जा.

आणि बाजाराला कळते ते तुम्हाला कळत नाही. २०२३ ला आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत दाखवलं, त्यात भोजपुरीही होती. आमच्या हॉस्टेलची बिहारी पोरं मॅच सोडून कॉमेंटरी ऐकत बसायची.

---

मेळघाटची_बाई

मी धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. इथे आजवर नुसतं वाचत होते, आज लिहिते.

तुमच्या मामांचं निदान पत्रकाराला साठ टक्के तरी कळलं असेल. आमच्याकडची कोरकू मराठीची बोली नाहीच, ती मुंडा कुळातली. संथाली, मुंडारीशी नातं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांवर लोक बोलतात. दर पावसाळ्यात कुपोषणाच्या बातमीसाठी गाड्या येतात. आईला विचारतात, मूल कशाने गेलं? ती कोरकूत सांगते. शेजारचा शिकलेला पोरगा मराठीत सांगतो. पत्रकार वहीत तिसरंच लिहितो. एकदा मी स्वतः जवळ उभी होते. बाई सांगत होती की नदीला पूर होता म्हणून दवाखान्यात नेता आलं नाही, दोन दिवस वाट बघितली. पोराने सांगितलं, "उशीर केला." छापून आलं की अंधश्रद्धेमुळे उपचार टाळले. मी त्या कार्यालयात फोन केला. नम्रपणे ऐकून घेतलं, पुढे काही झालं नाही.

लसीकरणाच्या वेळी मराठी भित्तिपत्रकं आली होती. सुंदर छपाई. लावली. कुणी वाचली नाहीत. मग आमच्या आशाताईंनी कोरकूत मोबाइलवर बोलून ठेवलं आणि ते पाड्यापाड्यांतून फिरलं. गैरसमज पसरवणारंही कोरकूतच फिरत होतं, आणि जास्त वेगाने, हेही सांगते. अफवेला भाषेची अडचण नसते, सरकारी सूचनेलाच असते.

---

जुना_रेडिओ

ताई, लिहीत राहा. पूर ते अंधश्रद्धा हा प्रवास वाचून पोटात कालवलं.

छत्तीसगढमध्ये यावर एक प्रयोग झाला होता, बहुतेकांना माहीत असेल. बीबीसीत काम केलेल्या शुभ्रांशु चौधरींनी २०१० मध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं. रेडिओवर बातमी द्यायला बंदी, गोंडीत पेपर नाही, वाचता येणारे कमी. मग साधा मोबाइल घेतला. एका नंबरवर फोन करायचा, आपली बातमी आपल्या भाषेत बोलून ठेवायची. कुणीतरी ती पडताळून खुली करायचं, मग दुसरे फोन करून ऐकायचे. हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी आली नाही, शिक्षक येत नाही, अशा बातम्या. त्यासोबत त्या अधिकाऱ्याचा नंबर. ऐकणारे त्याला फोन करायचे. मला यातलं पडताळणीचं काम सगळ्यात अवघड वाटतं. गोंडी कळणारा आणि बातमी कळणारा माणूस हवा, आणि त्याला पगार हवा. तंत्र स्वस्त होतं, माणूस महाग होता.

---

साधा_माणूस

अवांतर: यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि कॉमेडी धो धो चालते. लग्नात डीजेवर तीच. मग अहिराणी बातम्या का नाही चालत?

---

वऱ्हाडी_ठसका

कारण हसवायला परवानगी लागत नाही.

---

माड_आणि_मासळी

आणि जाहिरातदार लागतो. लग्नाच्या गाण्याला मांडववाला, बँडवाला जाहिरात देतो. तलाठ्याच्या गुंठ्यांना कोण देणार?

---

बागलाणकर

@साधा_माणूस, चालतात हो. मलाच उशिरा कळलं. परवा मामाकडे फोन केला आणि वरचे काही प्रतिसाद वाचून दाखवले. गारा आणि गुंठ्यांचं वाक्य ऐकून म्हणाला, रेडिओ कसाले पाहिजे, आमना बबल्या शे ना.

बबल्या म्हणजे भाऊबंदातला पोरगा, पिकअप चालवतो. (नाव बदललंय.) रोज नामपूरच्या नाहीतर सटाण्याच्या मार्केटला कांदा घेऊन जातो. लिलाव झाला की तिथूनच गावाच्या ग्रुपवर चाळीस-पन्नास सेकंदांची क्लिप टाकतो, अहिराणीत. मामाने दोन पुढे पाठवल्या. एकीत किती ट्रॅक्टर आले, उन्हाळ कांदा जास्तीत जास्त काय गेला, सरासरी काय, आणि "गोल्टीले भाव नही, खाद घरज ऱ्हावू द्या". (गोल्टी म्हणजे बारीक कांदा, खाद म्हणजे खराब.) दुसरीत कोणता व्यापारी रोख देतोय आणि कोण आठ दिवसांचा चेक देतोय, आणि मागच्या महिन्यातला कुणाचा चेक परत आला. हे शेवटचं कुठल्या पेपरच्या बाजारभावाच्या चौकटीत येत नाही.

मी ती क्लिप आपोआप अक्षरांत उतरवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मराठी निवडून टाकून बघितली. 'गोल्टी'चं 'गोळी' झालं, 'खाद'चं 'खाट', आणि 'ऱ्हावू द्या'चं 'राहुल द्या'.

---

मोजपट्टी

राहुल द्या! हाहाहा. पण बबल्याची पडताळणी कोण करतं?

---

बागलाणकर

गाव करतं. एकदा त्याने सरासरी चुकीची सांगितली, दोघांनी त्या भरवशावर ट्रॅक्टर भरून नेले. संध्याकाळी त्याच्या घरासमोर सभा. तेव्हापासून लिलावाच्या पावतीचा फोटो टाकतो आणि मग बोलतो.

---

शब्दखूळ

संपादकीय धोरण असं तयार होतं तर. उरलेलं अर्धंही मागे घेतो.

---

मेळघाटची_बाई

दादा, ती चेकवाली नको, भावाची एक क्लिप मला पाठवाल का? पोरांना भाषा कळणार नाही, पण आमच्या इथे मोहाचे भाव असेच कुणी कोरकूत सांगितले तर कसं, हे त्यांना ऐकवायचंय. सातवीतला एक पोरगा आहे, फार बडबड्या आहे.

---

बागलाणकर

पाठवतो ताई. व्यक्तिगत निरोपात नंबर द्या. आज बबल्या लग्नाला गेलाय, उद्या मार्केटला जाईल तेव्हाची ताजी पाठवतो.